तापावर उतारा लोकशाहीचा

अकरावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात रुडॉल्फ विर्चो हे नाव एका ओळीपुरतं आलं होतं. नवी पेशी आधीच्या पेशीपासूनच तयार होते असं सांगणारा जर्मन शास्त्रज्ञ, एवढीच त्याची ओळख. एका मार्काचा प्रश्न होता. पाठ केलं, लिहिलं आणि विसरून गेले. बारावीनंतर सायन्स सोडून मी साहित्याकडे वळले, तेव्हा हा माणूस पुन्हा भेटेल असं वाटलंच नव्हतं.

तो भेटला मागच्या वर्षी, कॉलेजच्या लायब्ररीत. साथीच्या रोगांच्या इतिहासावरचं एक पुस्तक चाळत होते. त्यात कळलं की वयाच्या सव्विसाव्या वर्षी विर्चोला सरकारनं एका तापाच्या साथीची चौकशी करायला पाठवलं होतं, आणि परत येऊन त्यानं जो उपाय लिहून दिला त्याचा गाभा लोकशाही हा होता. गोळ्या आणि काढे बाजूलाच राहिले. त्या जागी त्यानं मागितलं होतं लोकांच्या स्वतःच्या भाषेतलं शिक्षण, गरिबांवरचा कर कमी करणं, चांगले रस्ते, आणि आपला कारभार आपण करण्याचा लोकांचा हक्क. असं प्रिस्क्रिप्शन लिहिणारा डॉक्टर कोण होता, हे शोधायला मी बसले. त्यात जे सापडलं ते सगळंच सुखाचं नव्हतं. तेही इथे सांगणार आहे.

विर्चोचा जन्म 13 ऑक्टोबर 1821 रोजी प्रशियाच्या पोमेरेनिया प्रांतात, शिफेलबाइन नावाच्या लहानशा गावात झाला. ते गाव आज पोलंडमध्ये आहे आणि त्याचं नाव श्विद्विन आहे. वडील शेती करायचे आणि गावाच्या तिजोरीचा हिशोब सांभाळायचे. घरची परिस्थिती बेताचीच. पण एकुलता एक मुलगा हुशार निघाला. सैन्यासाठी डॉक्टर तयार करणारी एक सरकारी संस्था बर्लिनमध्ये होती. तिथे शिक्षण फुकट मिळायचं. 1839 मध्ये तो तिथे दाखल झाला आणि 1843 मध्ये डॉक्टर होऊन शारिटे या बर्लिनच्या मोठ्या हॉस्पिटलात कामाला लागला.

त्याचं काम होतं मेलेल्या माणसांचं. कोण कशानं मेला हे शरीर उघडून बघायचं. 1845 मध्ये त्यानं एका अशा रुग्णाचं वर्णन केलं, ज्याच्या रक्तात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्या होत्या. ल्युकेमिया हे त्या आजाराचं नाव त्यानंच पुढे रूढ केलं. शिरेत धरलेली रक्ताची गुठळी सुटून दूर कुठेतरी जाऊन अडकते आणि माणूस मरतो, हेही त्यानंच नीट उलगडून दाखवलं. 1847 मध्ये एका मित्राबरोबर त्यानं स्वतःचं शास्त्रीय नियतकालिक काढलं. त्या वेळी तो पंचविशीत होता.

आणि मग 1848 चा फेब्रुवारी महिना आला.

प्रशियाच्या आग्नेय टोकाला अप्पर सिलेशिया नावाचा भाग होता. जमिनीखाली कोळसा आणि जमिनीवर दारिद्र्य. बटाट्यावर रोग पडला, पावसानं आणि पुरानं पिकं कुजली, सलग दोन-तीन वर्षं हंगाम बुडाले आणि 1847 मध्ये भूक व ताप हातात हात घालून गावागावांत शिरले. वर्तमानपत्रांतून ओरड झाली तेव्हा कुठे बर्लिनच्या सरकारला जाग आली. बारेझ नावाच्या एका ज्येष्ठ डॉक्टरांना तिकडे पाठवायचं ठरलं आणि त्यांच्याबरोबर तरुण विर्चोला. 20 फेब्रुवारीला तो निघाला आणि तीन आठवडे पुरे व्हायच्या आतच बर्लिनला परतला. पण रिबनिक आणि प्लेस या जिल्ह्यांत त्यानं जे पाहिलं, ते त्याला जन्मभर पुरलं.

एकाच खोलीत सगळं कुटुंब, आणि त्याच छपराखाली गुरं. खायला बटाटा, तोही आता नाही. अंगावर एकच कपडा, थंडीत न धुतलेला. प्लेस जिल्ह्यात तर एका वर्षात जवळपास दहा माणसांमागे एक माणूस दगावला होता. काही नुसत्या उपासमारीनंच गेले होते. मदतीचं धान्य सरकारी कागदांच्या रांगेत अडकून उशिरा पोहोचलं होतं.

हा ताप होता टायफस. आपण ज्याला टायफॉइड म्हणतो तो वेगळा, यात गल्लत करू नये. टायफस अंगावरच्या कपड्यांत राहणाऱ्या उवांमधून पसरतो. पण ही गोष्ट शार्ल निकोल या शास्त्रज्ञानं ट्युनिसमध्ये दाखवून दिली ती 1909 मध्ये, म्हणजे विर्चो गेल्यावर सात वर्षांनी. 1848 मध्ये विर्चोला ऊ ठाऊक नव्हती आणि जंतूही ठाऊक नव्हता. त्याचं मोठेपण मला इथे वाटतं. जंतू माहीत नसताना त्यानं वेगळाच प्रश्न विचारला: हा ताप इथल्याच माणसांना का धरतो? शेजारच्या वाड्यातल्या जमीनदाराला का धरत नाही?

त्याचं उत्तर शोधताना तो खोल गेला. अप्पर सिलेशियातले शेतकरी पोलिश बोलणारे होते. सरकार, कोर्ट, कचेरी सगळं जर्मन. शाळेत जर्मन मास्तर नेमायचे, म्हणजे मुलं जर्मन शिकतील. होत काय होतं, तर मुलं जर्मन शिकायची नाहीत, मास्तरच पोलिश शिकून जायचे. घरात प्रार्थनेच्या पुस्तकाशिवाय दुसरं पुस्तक क्वचितच. पिढ्यान्‌पिढ्या जमीनदाराच्या शेतावर वेठ करून लोकांची कंबर मोडली होती, आणि जमिनीचा व खाणींचा पैसा मोठमोठ्या शहरांत उधळला जात होता. लोकांना आळशी म्हणायला सगळे पुढे. स्वतः विर्चोच्या अहवालातही सुरुवातीला या लोकांच्या अस्वच्छतेबद्दल आणि आळसाबद्दल बोचरे शब्द आहेत. पण तो तिथे थांबला नाही. आपल्या कष्टाचं फळ कधीच आपल्याला मिळणार नाही हे ज्यांना पिढ्यांपासून कळलंय, ते हातपाय का हलवतील, इथपर्यंत तो पोचला.

म्हणून त्याच्या अहवालातल्या मागण्या अशा झाल्या. या लोकांना पूर्ण लोकशाही द्या. त्यांचा स्थानिक कारभार त्यांच्या हाती द्या. पोलिश भाषेला सरकारी मान्यता द्या. मुलांना शिकवा, मुलींनाही शिकवा. कराचा बोजा गरिबावरून उचलून श्रीमंतावर टाका. शेती सुधारा, रस्ते बांधा, लोकांना एकत्र येऊन सहकारानं काम करू द्या. आणि धर्मसंस्था व सरकार यांची फारकत करा.

आता आपण आजच्या माहितीनं हे तपासून बघू. ऊ कुठे वाढते? जिथे कपडा एकच असतो, सरपण नसल्यामुळे पाणी तापत नाही आणि ऊब म्हणून दहा माणसं एका अंथरुणात झोपतात. भुकेलं शरीर तापापुढे टिकत नाही. दुसरा कपडा, सरपण, वेगळी खोली, पोटभर अन्न, यातली एकेक गोष्ट मजुरी, कर आणि जमीन यांच्यावर ठरते. मजुरी, कर आणि जमीन कोणाच्या हातात, हे कचेरीत ठरतं. आणि त्या कचेरीत या लोकांचं कोणी नव्हतं, त्यांची भाषासुद्धा नव्हती. उवेपासून लोकशाहीपर्यंतचा रस्ता वाटतो तेवढा लांब नाही.

मी कॅथलिक आहे, म्हणून या अहवालात एका ठिकाणी अडखळले. अप्पर सिलेशियाचे ते पोलिश शेतकरी कॅथलिक होते, आणि त्यांच्या अज्ञानाचा मोठा वाटा विर्चोनं माझ्या चर्चच्या पदरात टाकला आहे. त्याचा युक्तिवाद चुकवता येत नाही असा आहे. साथीच्या काही वर्षं आधी तिथल्या धर्मगुरूंनी दारूबंदीची चळवळ केली होती आणि लोकांनी खरोखरच, गावंच्या गावं, दारू सोडली होती. विर्चो म्हणतो, एवढी ताकद ज्यांच्या शब्दात होती, त्यांनी तीच ताकद लोकांना शहाणं आणि स्वतंत्र करायला का वापरली नाही?

पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला. कारण त्याच साथीत ब्रेस्लावच्या ब्रदर्स ऑफ मर्सी संघाचे व्रतस्थ तापकऱ्यांच्या झोपड्यांत जाऊन सेवा करत होते, आणि कित्येक डॉक्टर व धर्मगुरू रुग्णांकडे जाता जाता त्याच तापानं गेले. ही सेवा खोटी नव्हती. पण राग ओसरल्यावर लक्षात आलं की त्याचा प्रश्न सेवेबद्दल नव्हताच. आजारी माणसाच्या उशाशी बसणं वेगळं आणि तो आजारी पडू नये म्हणून त्याच्या हातात सत्ता देणं वेगळं. पहिलं आपण मनापासून करतो. दुसरं करताना हात आखडतो. हा प्रश्न मी अजून सोडवलेला नाही, नुसता जपून ठेवला आहे.

विर्चो 10 मार्चच्या सुमारास बर्लिनला पोचला आणि आठवड्याभरात तिथे क्रांती झाली. 18 मार्चला रस्त्यांवर बॅरिकेड उभे राहिले. ते उभारायला हा डॉक्टरही होता. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यानं वैद्यकीय सुधारणांसाठी एक साप्ताहिक सुरू केलं. वैद्यक हे समाजाचं शास्त्र आहे, राजकारण म्हणजे मोठ्या प्रमाणावरचं वैद्यकच, आणि डॉक्टर हा गरिबांचा वकील असला पाहिजे, असं तो तिथे मांडत राहिला. क्रांती फसली. 1849 च्या जूनमध्ये साप्ताहिक बंद पडलं. नोकरीवरही गदा आली आणि त्या वर्षाच्या शेवटी तो बर्लिन सोडून बव्हेरियातल्या व्युर्झबुर्गला प्राध्यापक म्हणून गेला. गंमत अशी की ते गाव कॅथलिक.

तिथे त्यानं राजकारण बाजूला ठेवलं आणि सूक्ष्मदर्शकात डोकं घातलं. 1850 मध्ये लग्न झालं, पुढे सहा मुलं झाली. 1856 मध्ये बर्लिननं त्याला सन्मानानं परत बोलावलं. 1858 मध्ये त्याची पेशींवरची व्याख्यानं पुस्तकरूपानं आली. आजार म्हणजे पेशींमधला बिघाड, ही आज आपल्याला साधी वाटणारी गोष्ट तिथून पक्की झाली. नवी पेशी जुन्या पेशीतूनच येते हे त्याच्या आधी रॉबर्ट रेमाक या पोलंडकडच्या ज्यू शास्त्रज्ञानं दाखवलं होतं. त्याला हवं तेवढं श्रेय विर्चोनं दिलं नाही, असं इतिहासकार म्हणतात. पाठ्यपुस्तकातली ती एक ओळही, म्हणजे, पूर्ण खरी नव्हती.

गंमत म्हणजे पेशींबद्दल बोलतानाही त्याच्या डोक्यातून राजकारण गेलं नव्हतं. शरीर म्हणजे एका राजाच्या हुकमानं चालणारं राज्य नाही, ते बरोबरीच्या नागरिकांचं गणराज्य आहे आणि प्रत्येक पेशी त्यातली एक नागरिक, असं तो समजावून सांगायचा.

1859 मध्ये तो बर्लिनच्या नगरसभेवर निवडून आला आणि मरेपर्यंत, म्हणजे चाळीसहून जास्त वर्षं, तिथे राहिला. तेव्हाचं बर्लिन घाणेरडं होतं. सांडपाणी रस्त्याकडेच्या उघड्या गटारांतून वाहायचं. जेम्स होब्रेख्त या इंजिनिअरनं भुयारी गटारांची योजना आखली. शहराचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागाचं मैलापाणी पंपानं शहराबाहेरच्या शेतांवर न्यायचं. विर्चोनं वर्षानुवर्षं आकडे मांडून, भाषणं करून नगरसभेला ती योजना पटवून दिली. 1873 मध्ये काम सुरू झालं. 1874 मध्ये फ्रीड्रिक्सहाइन हे शहराचं स्वतःचं पहिलं हॉस्पिटल उघडलं, त्यामागेही तोच होता. डुकराच्या मांसातून माणसात शिरणाऱ्या ट्रायकिना या कृमीवर त्यानं संशोधन केलं आणि मांसाची तपासणी सक्तीची व्हावी म्हणून भांडला. पुढच्या दशकांत बर्लिनमधले टायफॉइडचे मृत्यू झपाट्यानं उतरले.

हे सगळं मोठंच आहे. पण एक गोष्ट नोंदवायला हवी. त्या नगरसभेची निवडणूक तीन वर्गांच्या पद्धतीनं व्हायची. जो जास्त कर भरेल त्याच्या मताला जास्त वजन. म्हणजे ज्याच्या दाराशी गटार तुंबायचं, त्याचं मत सगळ्यात हलकं. बर्लिनच्या गरिबांना गटार मिळालं, पण 1848 मध्ये विर्चोनं मागितलेली लोकशाही त्यांना मिळाली नाही.

राजकारणात तो पुरोगामी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. 1862 पासून प्रशियाच्या विधिमंडळात बसून सैन्याच्या खर्चावरून तो बिस्मार्कला धारेवर धरायचा. 1865 मध्ये बिस्मार्कनं चिडून त्याला द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं. विर्चोनं सरळ नकार दिला. इथपर्यंत वाचताना मी पूर्णपणे त्याच्या बाजूनं होते.

मग 1870 चं दशक आलं. नव्या जर्मन साम्राज्यात बिस्मार्कनं कॅथलिक चर्चविरुद्ध कायद्यांची मालिका सुरू केली, आणि या बाबतीत विर्चो बिस्मार्कच्या बाजूला गेला. या संघर्षाला कुल्टुरकाम्फ, म्हणजे संस्कृतीची लढाई, हे नाव 1873 मध्ये विर्चोनंच प्रचारात आणलं. त्याला वाटत होतं की ही अज्ञानातून सुटकेची लढाई आहे. प्रत्यक्षात धर्मगुरू तुरुंगात गेले. पोझेनचे आर्चबिशप लेदोखोव्स्की 1874 मध्ये पकडले गेले. 1875 मध्ये धर्मसंघ बरखास्त करणारा कायदा आला, त्यातून वगळले ते फक्त रुग्णसेवा करणारे संघ. उशाशी बसणाऱ्यांची गरज सरकारलाही होती. आणि याच काळात अप्पर सिलेशियाच्या शाळांतून पोलिश भाषा बाहेर काढली गेली, 1876 मध्ये तर सरकारी कामकाजात जर्मन सोडून दुसरी भाषा चालणार नाही असा कायदाच झाला.

ज्या माणसानं पंचवीस वर्षांपूर्वी या लोकांना त्यांची भाषा द्या, त्यांचा कारभार त्यांना करू द्या असं लिहिलं होतं, त्यानंच आता त्यांनी कोणाच्या सांगण्यातून मुक्त व्हायचं हे बर्लिनमध्ये बसून ठरवायला हातभार लावला. भाषेचे ते कायदे त्याचे नव्हते. पण ज्या लढाईला त्यानं नाव दिलं, तिच्याच काळात आणि त्याच सरकारकडून ते आले. झालं उलटंच. चर्च दुबळं झालं नाही. दबावाखाली पोलिश कॅथलिक लोक अधिकच एकवटले आणि त्यांच्या मतांवर कॅथलिकांचा पक्ष बळकट झाला. लोकांनी स्वतःचं स्वतः ठरवलं, फक्त विर्चोला हवं होतं ते ठरवलं नाही.

त्याच्या इतरही चुका होत्या. सेमेलवाइसनं बाळंतिणींचे ताप थांबवायला डॉक्टरांना हात धुवायला लावले, त्याच्या सिद्धांताला विर्चोनं दाद दिली नाही. जंतूंच्या नव्या शास्त्राकडेही तो बराच काळ संशयानंच बघत राहिला. समाज दिसणाऱ्या डोळ्यांना जंतू दिसेना. पण याच हट्टी माणसानं जर्मनीतल्या सुमारे 67 लाख शाळकरी मुलांच्या केसांचा, डोळ्यांचा आणि कातडीचा रंग नोंदवून घेतला आणि 1886 मध्ये आकड्यांनिशी दाखवलं की शुद्ध जर्मन वंश नावाची गोष्टच अस्तित्वात नाही. पुढच्या पन्नास वर्षांत त्या देशात काय झालं हे आठवलं की हे काम किती मोलाचं होतं ते कळतं.

4 जानेवारी 1902 रोजी बर्लिनच्या लाइप्झिगर रस्त्यावर चालत्या ट्रामवरून उतरताना तो पडला आणि त्याचं मांडीचं हाड मोडलं. वय ऐंशी. त्यातून तो पुरता उठलाच नाही. 5 सप्टेंबरला गेला. पुढे पहिल्या महायुद्धानंतर, 1921 मध्ये, अप्पर सिलेशियाच्या लोकांना कुठल्या देशात राहायचं ते मतदानानं विचारलं गेलं आणि 1922 मध्ये रिबनिक आणि प्लेस पोलंडमध्ये गेले. ज्या झोपड्यांतून तो फिरला, तिथल्या नातवंडांना पहिल्यांदा कोणीतरी विचारलं होतं, तुम्हाला काय हवंय?

विर्चोबद्दल वाचताना मला सारखी माझी आज्जी आठवत होती. ती खानापूरकडच्या खेड्यातली. मराठी बोलते, प्रार्थना मराठीत करते, आणि प्रार्थनेचं पुस्तक सोडलं तर काही वाचत नाही. साखरेच्या आजारासाठी तिला एका दवाखान्यात नेलं होतं. चिठ्ठी इंग्रजीत, सूचनांचा कागद कन्नडमध्ये, आणि ती प्रत्येक गोष्टीला नुसती मान हलवत होती. घरी येऊन तिनं सकाळची गोळी रात्री पण घेतली आणि पहाटे घामाघूम होऊन पडली. निभावलं. पुढच्या खेपेला तिथल्या एका नर्सबाईनं, ज्यांना मराठी जेमतेम येत होतं, गोळ्यांच्या एका पाकिटावर पेनानं सूर्य काढला आणि दुसऱ्यावर चंद्र. मग आज्जीला विचारलं, तुम्ही जेवता किती वाजता? आज्जीनं सांगितलं, आणि बाईंनी त्याप्रमाणे वेळ बदलून घेतली.

तेव्हापासून आज्जी तिची औषधं स्वतः घेते. कोणी आठवण करायला गेलं तर चिडते. माझं मला कळतंय, म्हणते. सव्विसाव्या वर्षीच्या विर्चोला हे वाक्य आवडलं असतं. पन्नाशीतल्या विर्चोला त्याची आठवण करून द्यायला कोणीतरी हवं होतं.